रोज दुपारी भावाला मारणारे शेठ

"पयले बस. मंग बोल."

शेठच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं वाक्य हे, आणि जन्मभरात त्यांनी सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेलंही बहुधा हेच. अंजूरला त्यांच्या गोदामाच्या फाटकाशी कडुनिंबाखाली एक लाल प्लास्टिकची खुर्ची असे. तिच्यात शेठ, आणि समोर रिकाम्या खुर्च्यांची रांग. कोणी तक्रार घेऊन आला की शेठ बोटानं खुर्ची दाखवत. माणूस उभ्यानंच बोलायला लागला तर ते रस्त्यावरचे कंटेनर बघत राहत, जणू समोर कोणी नाहीच. "उभा मानूस भांडतो," ते म्हणत, "बसलेला मानूस बोलतो."

असे शेठ तुम्हीही पाहिले असतील. आमच्या भिवंडीच्या पट्ट्यात शेठ व्हायला व्यापार करावा लागत नाही. बापाचं भातशेत असावं लागतं आणि त्यावर कोणीतरी पत्र्याचं गोदाम बांधावं लागतं. मग काल चिखलात गुडघाभर उभा असलेला माणूस आज पांढरे कपडे घालतो, गळ्यात बैलाच्या दाव्याएवढी चेन घालतो आणि दिवसभर काय करावं या विवंचनेत पडतो. कोणी राजकारणात जातो, कोणी आपल्याच वाढदिवसाचे फलक लावतो. आमच्या शेठनी भांडणं मिटवायचा धंदा घेतला. धंदा म्हणजे फुकटचा. वर चहा त्यांचाच.

गावकीत त्यांचा शब्द चाले. गावकी म्हणजे गावच्या वडीलधाऱ्यांची देवळातली बैठक. कोर्टात पिढ्या जातात ते प्रकरण तिथं एका संध्याकाळी मिटतं, निदान मिटलं असं सगळे म्हणतात. एकदा दोन चुलतभाऊ कोयते घेऊन शेठकडं आले. शेठनी दोघांना बसवलं, चहा मागवला, आणि यंदा खाडीला निवट्या मासळी कमी का झाली यावर बोलत राहिले. तासाभरानं दोघं उठून गेले, आणि कोयते खुर्चीखालीच राहिले. दुसऱ्या दिवशी ते न्यायला दोघांनी बायकांना पाठवलं.

एकच भांडण शेठना मिटवता आलं नाही. ते त्यांचं स्वतःचं होतं.

त्यांचा पाठचा भाऊ, धाकटे शेठ, शेजारच्याच बंगल्यात राहत. दोघांच्या गोदामांमध्ये एक रस्ता, आणि थोरल्यांच्या गोदामाचं शटर उघडे ते नेमकं धाकट्यांच्या ओटीसमोर. दिवसभर ट्रक मागं घेताना ती कर्कश शिट्टी वाजायची. धाकटे म्हणाले, शटर पलीकडं फिरव. थोरले म्हणाले, पयले बस. धाकटे बसले नाहीत. उभ्या उभ्या जे बोलायचं नाही ते बोलून गेले, आणि मग थोरलेही उभे राहिले. झालं. दोघांनी एकेक वकील धरला आणि एकमेकांचं तोंड बघणं बंद केलं. कोट्यवधीची जमीन सुखानं वाटून घेतलेले भाऊ लोखंडाच्या एका शटरवरून वैरी झाले. हसू नका, तुमच्या घरी पायपुसण्यावरून झालं असेल.

मी यात आलो कसा? माझं त्याच रस्त्यावर दुरुस्तीचं दुकान आहे. आधी रेडिओ, मग टीव्ही, आता लोक जे आणून टेबलावर ठेवतील ते. एका दिवाळीनंतर शेठचा निरोप आला, "नवा सेट टॉप बॉक्स लागत न्हाय, ये." गोदामाचे भाडेकरू दिवाळीला मालकाला भेट देतात. इतकी वर्षं काजू-बदाम यायचे. या वेळी कोणा तरुण मॅनेजरला शहाणपण सुचलं होतं. मी खोकं उघडलं तर आत व्हिडिओ गेमचा डबा.

"शेठ, हे खेळणं आहे."

"मंग लाव. लाकडाचा घोडा न्हाय दिला बापानं कवा, आता खेलू."

काकू, म्हणजे शेठच्या पत्नी, दारातून म्हणाल्या, "लाव बाबा. घरात पोर नाही म्हणून देवानं हेच पाठवलं असंल." शेठना मूलबाळ नव्हतं, ही गोष्ट काकू अशी हसत हसत सांगत आणि ऐकणाऱ्याला कुठं बघावं ते कळत नसे.

डब्यासोबत एक खेळ आला होता. तलवारीचा, घोड्याचा, किल्ल्यांचा. पडद्यावरचं सगळं इंग्रजीत, म्हणून ते वाचून सांगायला रोज जेवणानंतर मला बोलावणं यायला लागलं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, आणि काकूंच्या हातचं सुक्या बोंबलाचं कालवण असतं. मी जात राहिलो.

खेळाची गोष्ट साधी होती. एका राजाचे दोन मुलगे. धाकट्यानं किल्ला बळकावला, थोरल्याला हाकललं. थोरला रानोमाळ भटकतो, माणसं जमवतो, आणि शेवटी धाकट्याशी लढतो. ही गोष्ट मी वाचून दाखवली तेव्हा शेठनी नुसतं विचारलं, "किल्ल्याचं शटर कुठल्या बाजूला हाय?"

शेठसारखा खेळ खेळणारा माणूस मी पाहिला नाही. पडद्यावरचा गडी कोणाच्याही घरात घुसायचा, मडकी फोडायचा, पेट्या उघडून असेल ते घ्यायचा, आणि घरचे लोक बघत उभे. शेठना ते पटेना. "हा राजाचा पोर की जप्तीवाला?" ते म्हणाले. त्यांनी आपल्या गड्याला एकाही घरात घुसू दिलं नाही. त्यामुळं गडी बरेच दिवस फाटक्या कपड्यांत आणि गंजक्या तलवारीनिशी हिंडला.

वाटेत भेटेल तो या गड्याला काम सांगायचा. म्हातारीची शेळी हरवली, हा शोधणार. लोहाराचा हातोडा नदीत पडला, हा बुडी मारणार. "राज्य जाऊ दे खड्ड्यात," शेठ म्हणायचे, "ह्याला वार्डातून उभा करा. बिनविरोध येल." गडी मेला की मागच्या देवळापाशी पुन्हा जिवंत व्हायचा, अंगावर ओरखडा नाही. त्याचंही शेठना नवल वाटलं नाही. "आमच्याकडं निवडनुकीत पडल्यात ते असंच उठतात," ते म्हणाले. आणि खेळातला धाकटा भाऊ प्रत्येक भेटीत लांबलचक भाषण द्यायचा. मी ते मराठीत सांगायला लागलो की शेठ हात वर करायचे. "ऱ्हाऊ दे. आधी उशिरा येतो आनि मंग बोलतो. ही जात वलखतो मी."

या खेळात शेठना सगळ्यात आवडलं ते एक बटण. ते दाबलं की गडी मांडी घालून खाली बसायचा. दमला असेल तर ताजातवाना व्हायचा, एवढाच त्याचा उपयोग. शेठ नदीकाठी, शेताच्या बांधावर, कुठंही त्याला बसवायचे आणि स्वतः बघत राहायचे. पडद्यावर भाताची शेतं होती, वाऱ्यानं हलायची. अशा वेळी मी काही वाचून दाखवत नसे. आमच्या खिडकीतून बाहेर पाहिलं तर पत्रेच पत्रे दिसायचे.

तर अशा चालीनं आम्ही शेवटच्या लढाईला आलो, आणि त्याच सुमारास धाकट्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. शेलार गावची सोयरीक, चांगलं घर.

आता ही मुलगी कोण, तर शेठच्या खांद्यावर वाढलेली. भांडण झालं तेव्हा ती शाळेत होती. नंतरही मागच्या दारानं काकूंकडं यायची, शेठच्या ताटातला बोंबील उचलून खायची आणि बापाला कळायच्या आत पळायची. आमच्याकडं हळदीला थोरल्या काकाला मान असतो. त्यानं मांडवात उभं राहायचं असतं. पण त्यासाठी मुलीच्या बापानं स्वतः उंबऱ्याशी येऊन, कुंकू लावून, अक्षता देऊन बोलवायचं असतं. धाकट्यांनी पत्रिका फोनवर धाडली. सोबत हात जोडलेलं चित्र.

शेठनी फोन मला दाखवला. "फोनमधी अक्षता येत न्हाईत," ते म्हणाले. मग बराच वेळ ते पत्रिकेतलं पुतणीचं नाव मोठं करून बघत बसले. त्यांना जायचं होतं हो. जीव जात होता त्यांचा. पण न बोलावता गेले असते तर ज्यांना त्यांनी जन्मभर रीत शिकवली ते सगळे हसले असते, असं त्यांना वाटे. तिकडं धाकट्यांचं म्हणणं, पहिल्यांदा शटर फिरव. हळद तोंडावर आली आणि दोन्ही बंगल्यांतून कोणी हलेना.

खेळातही तेच होऊन बसलं होतं. शेठचा गडी किल्ल्यावर पोचला, समोर धाकटा भाऊ तलवार काढून उभा. मी वाचून दाखवलं, "हे बटण दाबा, वार होईल." शेठनी बसायचं बटण दाबलं. गडी मांडी घालून बसला. भावानं पुढं येऊन त्याचं डोकं उडवलं.

"शेठ, लढायचं आहे."

"कललं मना."

परत किल्ला, परत भाऊ, परत गडी खाली बसला, परत मेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी समजावलं की खेळात तडजोडीची सोयच नाही, करणाऱ्यांनी ती ठेवलेली नाही. शेठ म्हणाले, "आसंल कुठंतरी. एवढा मोठा खेल केला, आनि बसून बोलायचं इसरले?"

आता या घरात काय चाललंय हे गावाला कळलं कसं, ते ऐका. गोदामाचा पहारेकरी दुपारी चहाची किटली घेऊन यायचा. बिहारचा भला माणूस, त्याला मराठी अर्धं कळे. दारातून त्यानं एकदाच विचारलं, "शेठ, ये सामनेवाला कौन है?" शेठ म्हणाले, "भाई." एवढं त्याला पुरलं. संध्याकाळपर्यंत नाक्यावर बातमी होती की थोरले शेठ रोज जेवून उठले की टीव्हीवर धाकट्या भावाला मारतात. दुसऱ्या दिवशी त्यात माझं नाव जोडलं गेलं. टीव्हीवाल्यानं धाकट्यांचा फोटो आत घातलाय म्हणे. माझ्याकडं मिक्सर टाकलेल्या एका बाईनं तो न दुरुस्त होताच परत नेला.

धाकट्यांनी गावकी बोलावली.

गावकीनं आजवर बांध मिटवले होते, घटस्फोट मिटवले होते, कोंबड्यांच्या चोऱ्या मिटवल्या होत्या. व्हिडिओ गेम पहिलाच. देवळाच्या मांडवात सगळे मांडी घालून बसले. धाकटे मात्र खांबाशी उभे राहिले. "माझं लग्नघर हाय," ते पंचांना म्हणाले, भावाकडं न बघता. "पोरीला हलद लागायची हाय. आनि ह्या घरातून रोज माझं मरान चिंतलं जातंय. ह्यो अपशकुन हाय का न्हाय, सांगा."

पंच गंभीर झाले. एक म्हातारे पंच, ज्यांना ऐकू कमी येई, त्यांनी विचारलं, "कोन मेला?" बाकीचे माझ्याकडं बघायला लागले. मी सांगून बघितलं की ते दोघं राजपुत्र आहेत, परदेशातले आहेत, धाकट्या शेठना तसे केसही नाहीत. कोणाला पटेना. शेवटी ठरलं की पुरावा डोळ्यांनी बघायचा.

गोदामवाल्या गावात टेम्पोची वाण नसते. शेठचा खाटेएवढा टीव्ही टेम्पोतून देवळात आला. देवाला पाठ होऊ नये म्हणून तो जरा तिरका ठेवला. मी वायरी जोडल्या. थोरल्यांच्या हातात ते बटणांचं यंत्र दिलं. त्यांनी एकदाही भावाकडं बघितलं नाही.

किल्ला आला. समोर धाकटा राजपुत्र तलवार काढून उभा राहिला. शेठनी बटण दाबलं, आणि त्यांचा गडी मांडी घालून खाली बसला. राजपुत्र पुढं आला, त्यानं डोकं उडवलं.

"परत दाखवा," पंच म्हणाले.

शेठनी परत दाखवलं. गडी बसला आणि मेला. मग पुन्हा. चौथ्या-पाचव्या वेळेला कमी ऐकू येणारे म्हातारे पंच स्पष्ट आवाजात म्हणाले, "अरे, हा मारतो कुठं? हा तर मरतोय."

शेठ खाली मान घालून बटणं चाचपत राहिले, आणि गडी पुन्हा किल्ल्यावर जाऊन बसला. तेव्हा खांबापासून आवाज आला.

"दाब ना बटन, दादा. किती येला मरशील?"

इतक्या वर्षांनी दादा म्हणाले होते. शेठनी वर पाहिलं नाही. "कंचा बटन?" त्यांनी विचारलं. त्यांना ते पक्कं माहीत होतं. मीच हजारदा दाखवलं होतं.

धाकटे चालत आले, भावाच्या शेजारी खाली बसले, चष्मा पुसून लावला आणि त्या यंत्रावर वाकले. त्यांनाही काही कळत नव्हतं. मी बोट दाखवलं. धाकटे म्हणाले, "ह्यो बग. ह्यो दाब." शेठ म्हणाले, "तू म्हनतोस म्हनून दाबतो." आणि त्यांनी दाबलं. लढाई बराच वेळ चालली, कारण शेठची तलवार अजून ती पहिलीच गंजकी होती. धाकटे बाजूनं सांगत होते, डावीकडं सर, आता मार, अरे मार की. आपल्याच मरणाची एवढी घाई केलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. शेवटी पडद्यावरचा धाकटा कोसळला, थोरल्यानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि खेळ संपला.

मग नावं सुरू झाली. खेळ करणाऱ्यांची, खालून वर सरकत जाणारी, संपता संपेनात. सगळं गाव मुकाट ती नावं बघत बसलं, कारण पंच उठल्याशिवाय उठायचं नसतं. पुष्कळ वेळानं शेठ म्हणाले, "एवढी मानसं लागली व्हय दोन भावांना भांडवाया? आमाला दोन वकील पुरले."

पहिल्यांदा धाकटे हसले. मग मांडव हसला. पंचांनी निकाल दिला की अपशकुन नाही, आणि टीव्ही परत नेताना काळजी घ्यावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटे कुंकवाची वाटी आणि अक्षता घेऊन थोरल्यांच्या उंबऱ्याशी आले. काकू सांगत होत्या, कुंकू लावताना त्यांनी ते शेठच्या भुवईला लावलं. हळदीला शेठ मांडवात उभे राहिले. बायका हळदीची गाणी, धवले, गात होत्या, आणि पलीकडं डीजेनं अख्खी भिवंडी हलवून सोडली होती. पुतणीनं आपल्या गालाची हळद काकाच्या पांढऱ्या सदऱ्याला पुसली. शेठनी तो सदरा धुवायला टाकू दिला नाही.

शटर मात्र फिरलं नाही. विषयच निघाला नाही. दोघं भाऊ कडुनिंबाखाली शेजारी शेजारी बसायला लागले, पण इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर बोलायचं काय हे दोघांना सुचत नसे. मग खेळावर बोलत. ती म्हातारीची शेळी सापडली का. तो घोडा पुढं कोणाकडं गेला. मी एकदा शेठना विचारलं, "खेळ संपवलात, कसा वाटला?" ते विचार करून म्हणाले, "रस्ते चांगले व्हते. एक खड्डा न्हाय." दुसरा खेळ आणून देऊ का विचारलं तर म्हणाले, "नको. एक भाऊ मारून झाला, बास."

शेठ गेले त्याला आता वर्ष होईल. दुपारी जेवून खुर्चीत बसले होते, तसेच गेले. फाटकाशी तक्रार घेऊन आलेला एक माणूस समोरच्या खुर्चीत बराच वेळ वाट बघत होता. शेठ डोळे मिटून ऐकतायत असं त्याला वाटलं.

मला त्यांची आठवण येते, हे सरळ सांगतो. दुकानात दुपारी आता मी नुसता बसून असतो.

दिवसकार्य झाल्यावर धाकट्यांचा निरोप आला, "तो डबा आमच्याकडं लाव." मी लावला. ते म्हणाले, "पयल्यापासून चालू कर." या खेळाच्या सुरुवातीला ते दोघं राजपुत्र लहान असतात. नदीत उतरून हातानं मासे धरतात, आणि त्या निमित्तानं खेळणाऱ्याला बटणं शिकवली जातात. थोड्या वेळाचाच भाग आहे तो. धाकट्यांनी मासे धरले, टोपलीत टाकले. मी वाचून दाखवलं, "आता पुलावरून पलीकडं जायचं. तिथून गोष्ट सुरू होते."

त्यांनी थोरला पोरगा पुलापर्यंत नेला आणि मागं वळवला. परत नदीत उतरवला. दुसरा छोटा पोरगा पाणी उडवत त्याच्या मागं आला.

"पुढं न्हाय जायचं का?" मी विचारलं.

"न्हाय," ते म्हणाले. त्यांची नजर पडद्यावरच होती. "जल्मात एकदाच आयकलं माझं दादानं. मार म्हनलो, तर मारलं." मग त्यांनी आणखी एक मासा धरला. "नसतं आयकलं तरी चाललं असतं."

मी उरलेल्या वायरी गुंडाळत बसलो.